पत्त्यात फक्त जिल्हा

नोकरीत काय काम होतं, असं कुणी विचारलं की मी "विद्यापीठात कारकून होतो" एवढंच सांगतो. ते खरं आहे. पण मधला काही काळ माझ्याकडे एक वेगळंच टेबल होतं. त्याबद्दल सांगू लागलो की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा थापा मारतो आहे. कोण मोठा माणूस आणि कोण नाही, हे त्या टेबलावर ठरत असे.

ठरवणारी समिती होती, मी तिचा कारकून. पण समिती कधीमधी बसायची आणि मोठी माणसं रोज यायची. त्यांना तोंड मी देत असे.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. सरकार नागपूरला, विद्यापीठही तिथंच. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आपल्याकडे शिकून गेलेल्या नामवंतांची यादी जिल्हावार छापावी असं विद्यापीठानं ठरवलं. नियम दोनच होते. त्या माणसानं विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात शिकलेलं असावं, पास झालाच पाहिजे असं नाही. आणि तो नामवंत असावा. पहिला नियम सोपा, कॉलेजच्या दप्तरात नाव सापडलं की झालं. दुसऱ्या नियमानं माझे अर्धे केस पांढरे केले.

वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि टपालाचा पूर आला. आपण नामवंत आहोत हे लोकांना स्वतःला फार लवकर कळतं, हे मी त्या टेबलावर शिकलो. एकानं लिहिलं होतं, "गव्हर्नरसाहेबांच्या स्वारीच्या वेळी मी अगदी जवळ उभा होतो." एकानं भाड्याचा कोट आणि दुसऱ्याचा फेटा घालून काढलेला फोटो पाठवला. ज्याचा फेटा होता त्यानंही तोच फेटा घालून आपला फोटो पाठवला, म्हणून मला कळलं. एक सद्‌गृहस्थ स्वतःच हजर झाले आणि म्हणाले, "माझा परिचय तुम्हीच लिहा. स्वतःची स्तुती मला जमत नाही." मग खुर्ची ओढून जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगत बसले.

समितीचे अध्यक्ष इतिहासाचे प्राध्यापक, मूळचे पुण्याचे. माझं बोलणं ऐकलं की त्यांना हसू येई. मी त्यांच्यासमोर फार शुद्ध बोलायचा प्रयत्न करी, म्हणून त्यांना जास्तच येई. पण माणूस न्यायाचा. एका बैठकीत अमरावतीच्या नावांवरून सभासदांची अशी जुंपली की चहा गार झाला. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "अरे, प्रसिद्धी मोजायचं काही माप आहे की नाही?"

मी कपबश्या उचलत होतो. सहज बोलून गेलो, "सर, आमच्या बुलढाण्याकडं ज्याला नुसत्या नावावर कार्ड पोचतं त्याला लोक मोठा म्हणतात."

"म्हणजे?"

"पत्त्यात गाव लिहायचं नाही, फक्त जिल्हा. पोचलं तर माणूस मोठा."

अध्यक्ष टेबलावर थाप मारून म्हणाले, "वऱ्हाडी, तू आज पगार मिळवलास!" आणि ठराव झाला. ज्यांच्याबद्दल वाद आहे त्यांना एक-एक पोस्टकार्ड टाकायचं. वर पूर्ण नाव आणि जिल्हा. आत एकच ओळ: कार्ड पोचल्याचे कळवावे. सुरुवात माझ्याच जिल्ह्यापासून.

मला कोण आनंद झाला! माझ्या मनात एक माणूस होता.

तो सांगण्याआधी मी कोण ते सांगायला हवं. संग्रामपूरच्या बाजूला आमचं गाव. वडिलांचा तेलाचा घाणा. आमच्या साऱ्या भावकीत मी पहिला पदवीधर. पदवी घेऊन आलो त्या दिवशी वडिलांनी घाण्याच्या बैलाला सुट्टी दिली, त्याहून मोठा सत्कार त्यांना सुचला नाही. पण मी नागपूरला शिकलो तो मालकांमुळे. मालक म्हणजे आमच्या गावचे इजारदार, मोठे जमीनवाले. माझी फी, खानावळ, पुस्तकं, सगळं त्यांनी केलं आणि चार माणसांत कधी बोलून दाखवलं नाही.

मालक स्वतः विद्यापीठ निघालं त्या सुरुवातीच्या मुलांपैकी. दुसऱ्या वर्षाला वडील वारले आणि शेतीवाडी बघायला परत यावं लागलं. पुन्हा जाणं झालं नाही. यादीची बातमी त्यांना कळली तेव्हा मी सुट्टीवर गावी होतो. त्यांनी मला ओसरीवर बोलावलं, नोकराला बाहेर पाठवलं आणि हळूच म्हणाले, "लक्ष्मण, शेती बापाची, घर बापाचं, मान बी बापाचाच. माझं सोताचं म्हनावं असं एकच, दीड वर्ष कॉलेजात गेलो. ते बी कोनाले खरं वाटत नाही. त्या यादीत नाव येईल काय रे?"

मी म्हणालो, "मालक, तुमचं नाही तर कुणाचं येईल?"

मला खात्रीच होती. पूर्णेपलीकडे पहिली मोटार त्यांची. कुस्त्यांचा फड त्यांचा. बुलढाण्याच्या घाटापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत त्यांना ओळखत नाही असा माणूस दाखवा! त्यांचं कार्ड मी स्वतः लिहिलं, वळणदार अक्षरात: श्री. पुंडलिक यादवराव देशमुख, जिल्हा बुलढाणा. हे नाव मला कॉलेजच्या दप्तरातून काढून घ्यावं लागलं होतं. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पहिलं उत्तर आलं ते आत्मारामबापूंचं. हे मेहकरकडचे. वकिलीची परीक्षा पास, पण उभ्या आयुष्यात अशील एकच, ते स्वतः. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचे चारही बाजूंच्या शेजाऱ्यांशी दावे चालू. कोर्टाच्या नोटिसा पोचवून पोचवून जिल्ह्यातल्या पोस्टमनांना त्यांचं नाव पाठ झालेलं. कार्ड त्यांना सरळ पोचलं. पण त्यांना ती नोटीसच वाटली. उत्तर आलं: "सदरहू कार्डातील मजकूर आम्हांस कबूल नाही. कार्ड पोचले, परंतु पोचल्याने आमच्या हक्कास बाध येत नाही." अध्यक्षांनी ते बैठकीत दोनदा वाचून घेतलं. बापू नामवंत ठरले.

दुसरं कार्ड परत आलं. ते खामगावच्या एका मुलींच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचं होतं. त्या भागातली पदवी घेतलेली ती पहिली बाई. गावात कुणालाही विचारा, बाईंची शाळा, बाईंचं घर. पण बाईंना नाव असतं ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. कार्डावर शेरा होता: तपास लागत नाही.

आणि त्याच टपालात मालकांचं कार्ड परत आलं.

ते कार्ड मी कितीतरी वेळ उलटंपालटं करत होतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखली, मेहकर, सगळीकडचे शिक्के. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पेन्सिलीनं खरडलेलं. "या नावाचे बरेच." "हे आमचेकडील नव्हेत." एकानं तर लिहिलं होतं, "मयत असावेत."

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं मोठ्या माणसाचं नाव घेत नाहीत. माणूस जितका मोठा तितकं त्याचं नाव कमी उच्चारलं जातं, आणि मालक तर इतके मोठे की त्यांचं नाव संपूनच गेलं होतं. टपाल यायचं ते गावाच्या नावावर. त्या गावात देशमुख एकच, तेव्हा पोस्टमन पुढचं वाचतच नसे. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण मीही आयुष्यभर त्यांना मालकच म्हणत आलो होतो.

मी अध्यक्षांना सारं सांगितलं आणि म्हणालो, "सर, कार्डावर 'मालक' असं लिहून पाहू का?"

"जिल्ह्यात मालक किती?"

"गावोगाव एक, सर."

"मग झालं तर." ते चष्मा पुसत राहिले. "माप तूच दिलंस. आता तुझ्या माणसासाठी ते लांबवता येणार नाही. ज्यांची कार्डं परत आली त्या सगळ्यांना यादी छापायच्या आधी आणखी एकदा टाका. पत्ता तोच. त्यानंतर मात्र काही ऐकणार नाही."

मी गावी गेलो. मालकांना सांगायचं कसं, हे रेल्वेत ठरवत होतो आणि नांदुऱ्याला उतरेपर्यंत काही ठरलं नाही. शेवटी कार्डच त्यांच्या हातात दिलं आणि आणखी एकदा टाकणार आहेत, पत्ता तोच, एवढं सांगितलं. त्यांनी शेरे वाचले. 'मयत असावेत' पाशी थांबले.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. मग ओरडले, "सुपडा!"

सुपडा म्हणजे गावचा कोतवाल. गावकामाला आणि दवंडीला तोच. तो धावत आला.

"सुपडा, माहं नाव काय हाये?"

"मालक."

"ते नव्हे. नाव, नाव. बारशाच्या दिवशी ठेवलेलं."

सुपडानं कानाची पाळी धरली. "मी काऊन घेऊ जी नाव? माह्या बापानं नाई घेतलं, त्याच्या बापानं तुमच्या बापाचं नाई घेतलं."

"अरे, मीच सांगून राह्यलो न!"

"तुमी सांगसान जी. मंग घरी गेल्यावर माही माय मले जेवू घालनार नाई."

मालक आत गेले, मागोमाग मी. मालकीणबाई माजघरात वाती वळत होत्या. मालकांनी विचारलं, "तुम्हाले तरी माहीत हाये का माझं नाव?"

बाई पदर सावरत म्हणाल्या, "लग्नात उखाण्यात घेतलं होतं एकडाव. उखाणा इसरली, त्यासंगं नाव बी गेलं." आणि खाली बघून हसू लागल्या. त्यांना नाव ठाऊक होतं याबद्दल मला आजही शंका नाही.

मालक बाहेर येऊन पलंगावर बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण चेहरा असा झाला होता की मला बघवेना. थोड्या वेळानं ते उठले. "लक्ष्मण, दुसरं कार्ड टाकनार आहेत न? टाकू दे. तवरिक साऱ्या मुलखाले नाव सांगतो."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. संग्रामपूरच्या बाजाराला साऱ्या पंचक्रोशीचा माणूस येतो. मालकांनी सुपडाला दवंडी पाठ करून दिली: आजपासून मालकांना कुणी मालक म्हणू नये, त्यांचं नाव अमुक-अमुक, त्याच नावानं हाक मारावी. सुपडानं मान हलवली आणि गळ्यात डफडं अडकवलं. मी बाजारात मुद्दाम पुढं जाऊन उभा राहिलो.

"ऐका हो ऐकाऽ!" सुपडा डफडं वाजवून ओरडला. "आजपासून मालकाले कोनी मालक म्हनू नये होऽ!"

बाजार थबकला. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले.

"कारन का मालकाचं नावऽ..."

सुपडानं पुन्हा डफडं वाजवलं.

"मालकाचं नाव आहेऽ..."

आणखी एकदा वाजवलं. एव्हाना चारी बाजूंनी माणसं गोळा झाली होती. "सांग बे, लवकर!" कुणीतरी ओरडलं. सुपडाच्या कपाळावर घाम आला. त्यानं आकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एका दमात ओरडला, "मालकाचं नाव मोठं हाये होऽ! ज्याले पाह्यजे त्यानं मालकालेच इचारा होऽ!" आणि डफडं धरून जो पळाला तो थेट नाल्यापलीकडे.

बाजारात जे हसू उसळलं ते मी नंतर कुठं ऐकलं नाही. पण हसून झाल्यावर जो तो शेजाऱ्याला विचारू लागला, "काय नाव हाय वो खरंच?" कुणालाच सांगता येईना. एक म्हातारा म्हणाला, "काहीतरी देवाचं हाय." दुसरा म्हणाला, "त्याईले नावच नसंल."

शेवटी पुढं आले ते कासमभाई मणियार. बाजारोबाजार बांगड्या विकणारा हा माणूस. जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांचे हात आणि सगळ्या घरांच्या गोष्टी त्यांना पाठ. मालक पिंपळाखाली मोटारीत बसून सगळं पाहत होते. कासमभाई तिथं गेले, सलाम केला आणि म्हणाले, "मालक, कोतवाल बोलला का तुमालेच इचारा. तं मंग सांगा, नाम काय तुमचं?"

मालक म्हणाले, "पुंडलिक यादवराव देशमुख."

"चांगलं हाय की!" कासमभाई म्हणाले. "इतकं चांगलं नाव दाबून काऊन ठेवलं होतं?"

मालक रागावतील असं मला वाटलं. ते हसले, पण फार नाही. घरी परतताना मोटारीत एवढंच म्हणाले, "माझी इज्जत गेली आन नाव बी नाही आलं."

मी नागपूरला येऊन दुसरी कार्डं टाकली. काही दिवसांनी खामगावच्या बाईंचं कार्ड पुन्हा परत आलं. मला वाईट वाटलं म्हणून त्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर असं: "गावातल्या कुणी मला नावानं हाक मारली असती तर मी छडी घेऊन मागं लागले असते. तेव्हा चूक पोस्टाची नाही." त्या यादीत आल्या नाहीत. समितीनं नियम पाळला. मापात न मावणारी माणसं असतात हे बैठकीत कुणी बोललं नाही, आणि कारकुनाला बोलायची पाळी नव्हती. ती छापील यादी आजही माझ्याकडं आहे. आत्मारामबापूंचं नाव तीत ठळक आहे.

मालकांच्या कार्डाचं मात्र विचित्र झालं. ते परतही येईना आणि त्याची पोचही येईना. यादी छापखान्यात जायची वेळ आली. अध्यक्ष म्हणाले, "सोमवारी मी सही करणार. तोवर काही कळलं तर कळव." शुक्रवारी संध्याकाळची गाडी धरून मी गावी गेलो. निदान तोंडानं तरी सांगावं, की नाही जमलं.

शनिवारी सकाळी मालक ओसरीवर गादीला टेकून बसले होते. दिवाणजी, दोन-चार शेतकरी, मी. मी सांगायला सुरुवात करणार तोच दारात सायकल पडल्याचा आवाज आला. आमच्या भागातला नसलेला एक पोस्टमन धुळीनं माखून आत आला. त्याच्या हातात कार्ड होतं, शिक्क्यांनी काळं झालेलं.

"पुंडलिक यादव देशमुख कोन हाय बे इथं?"

दिवाणजी उठून त्याच्या अंगावर गेले. "कुनाच्या घरात उभा हायेस ते माहीत हाय का तुले?"

"मले काय मालूम, साहेब? मी मोताळ्याकडचा, बदलीवर आलो," पोस्टमन पागोट्यानं घाम पुसत म्हणाला. "इतक्या दिवसाचं फिरून राह्यलं हे कार्ड. रोहिणखेडवाल्यानं इचारलं, तं तिथं बांगड्या भरनाऱ्या बाया हासून राह्यल्या. म्हने, ज्याचं नाव कोतवालाले घेता आलं नाई तोच न? नांदुरेवाल्यानं बाजारात इचारलं, तिथं बी हासले. हे पाहा, खामगाववाल्यानं लिहून बी देलं. गावात इचारलं तं साऱ्याईनं या घराकडं बोट केलं."

मी कार्ड घेऊन पाहिलं. शिक्क्यांच्या मध्ये पेन्सिलीनं लिहिलं होतं: दवंडीवाले, संग्रामपूरकडे.

कासमभाईंनी काम केलं होतं. ज्या-ज्या बाजारात त्यांच्या बांगड्या गेल्या, त्या-त्या बाजारात सुपडाची दवंडी डफड्याच्या आवाजासकट गेली होती, आणि शेवटी मालकांचं नाव. सुपडानं ते नाव सांगून टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत लोक विसरले असते.

"म्हनून इचारतो," पोस्टमन पुन्हा म्हणाला, आता जरा वैतागून. "हाय का नाई तो? पुंडलिक यादव देशमुख!"

दिवाणजींनी हात उगारला. मालकांनी मागून त्यांचा हात धरला. मग ते अनवाणीच ओसरीच्या पायऱ्या उतरले, अंगणात पोस्टमनसमोर ताठ उभे राहिले, आणि वर्गात हजेरीला उठावं तसा उजवा हात वर करून म्हणाले,

"हजर, सर."